कवळी डब्यात, बांगडा ताटात

प्रश्न: डॉक्टर, मी फोंड्याची, वय 61. खालच्या दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा गेल्या, पुढचे आठ दात माझेच आहेत. सहा महिन्यांपूर्वी तारावाली काढायची-घालायची कवळी करून घेतली, पहिल्याच आठवड्यात उजव्या बाजूला असं टोचलं की काढून डब्यात ठेवली ती चतुर्थीपर्यंत बाहेरच आली नाही. चतुर्थीला नेवरी खाऊया म्हणून घालायला गेले तर तार दातावर उतरेचना. मुलगा म्हणतो जोर लाव, सवय होईल. आणि कवळी घालून बांगडा खायला तर भीतीच वाटते. पैसे फुकट गेले का?

उत्तर: ताई, मुलाचं ऐकू नका, जोर अजिबात लावायचा नाही. सहा महिने कवळी तोंडाबाहेर राहिली की दात थोडेफार सरकतात आणि दाढ काढलेल्या जागेचं हाड तर सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात जास्त झिजतं, म्हणजे कवळी आहे तशीच आहे, पण तुमचं तोंड बदललंय. जोर लावलात तर तार वाकेल नाहीतर ज्याला तार धरते तो चांगला दात दुखावेल. एकाने घरीच पक्कडीनं तार वाकवून आणली होती, दुरुस्तीला काही शिल्लकच नव्हतं!

आणि टोचणं ही तुमची चूक नाहीच. तुमच्यासारखी केस करायला जरा कठीण, कारण मागे टेकायला दातच नाही, कवळीचं मागचं टोक नुसतं हिरडीवर बसतं आणि चावताना दबतं. हिरडी मऊ, दात घट्ट, त्यामुळे एका बाजूला खांब नसलेल्या छपरासारखं ते हलतं. म्हणून कवळी मिळाली की काम झालं असं नसतं, पुढे दोन-तीन वेळा जाऊन घासून घ्यावीच लागते, हे आम्ही डॉक्टर लोक घाईत नीट सांगत नाही हेही खरं. आता आहे तशी घेऊन डॉक्टरांकडे जा. आतून नवा थर देऊन बसते का ते ते बघतील, फारच बदल झाला असेल तर नवीनच करावी लागेल. बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजातही हे काम होतं.

बसल्यावर पुन्हा टोचली तर एक युक्ती: जायच्या आदल्या दिवशी ती घालून ठेवा आणि जेवा, कारण हिरडीवर लाल खूण दिसली की नेमकी तेवढीच जागा घासता येते. कवळी काढून दोन दिवस आराम करून गेलात तर खूणच मिटलेली असते, मग डॉक्टर अंदाजानं घासणार.

बांगड्याचं म्हणाल तर टाळू झाकणारी वरची कवळी असती तर काटा लवकर कळला नसता, तुमची खालची आहे, टाळू उघडाच. तरी पहिले पंधरा दिवस पेज, मऊ भात, हुमणातला (माशाच्या आमटीतला) नीट काटे काढलेला तुकडा, लहान घास, दोन्ही बाजूंनी चावून. नेवरी नंतर.

प्रश्न: बाबा 72 वर्षांचे, वरची अर्धी कवळी रात्रीसुद्धा काढत नाहीत, टाळू लालभडक झालीय पण दुखत नाही म्हणतात. (पेडणे)

उत्तर: न दुखणारी ही लाली बहुतेक वेळा बुरशीची असते, कवळीखाली ओलसर राहून वाढते. रात्री काढायचीच, आणि छोटी सैल कवळी झोपेत गिळली जाण्याचा धोका वेगळाच. साबण आणि मऊ ब्रशनं घासायची, टूथपेस्टनं नको, ओरखडे पडतात. रात्री साध्या पाण्यात ठेवा, कढत पाण्यात वाकडी होते. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, हातातून सुटली तर फुटत नाही. तार ज्या दाताला धरते तो जास्त घासायला सांगा, कीड तिथेच आधी लागते. शुगर तपासली नसेल तर तपासून घ्या आणि लाली आठवड्यात उतरली नाही तर औषध लागेल, दाखवा.