गावच्या आरोग्य समितीत नाव आलं आहे. समितीला खरंच काही अधिकार असतात, की नुसत्या सह्या करायच्या?

तुम्ही लिहिलंय की ग्रामसभेत तुमचं नाव घातलं, त्यानंतर एकही बैठक झाली नाही आणि रजिस्टर मात्र सहीसाठी घरी येतं. अधिकार असतात. पण गावाला ते वापरायचे नसतात, गावाला सिस्टरची बदली हवी असते. हे मी रागाने लिहितेय, कारण एक टर्म मी या समितीची अध्यक्ष होते.

आमच्या आरोग्य उपकेंद्राची सिस्टर, म्हणजे नर्स, मुक्कामी राहत नसे. संध्याकाळच्या एसटीने तालुक्याला जायची. रात्री कुणाला कळा सुरू झाल्या की उपकेंद्राला कुलूप, मग गाडी शोधा आणि पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, गाठा. लोक वैतागले होते आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. ग्रामसभेत बदलीचा ठराव आला. मांडणारे माझे चुलत दीर, अनुमोदनाला निम्मा गाव. भाऊजी माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही लोकसहभाग लोकसहभाग म्हणता ना, हा घ्या."

मी विचारलं, तिची क्वार्टर आतून कुणी बघितलीय का? कुणीच नाही. मला आशाताईंनी आदल्याच आठवड्यात नेऊन दाखवली होती. पाइप फुटलेला, टाकीत पाणी चढत नाही, संडासाला आतून कडी नाही. एकट्या बाईने तिथे रात्र काढायची कशी? आणि लेबर रूमला पाणी त्याच टाकीचं. म्हणजे ती राहिली असती तरी बाळंतपण बादल्यांवरच.

आता पुढचं ऐका. उपकेंद्राला स्वतःचा अबंधित निधी मिळतो (सगळे अनटाइडच म्हणतात), आणि आमच्या वेळी तो सिस्टर आणि सरपंच यांच्या जोडखात्यात असायचा. नळदुरुस्ती, दिवे, पडदे असल्या किरकोळ कामांसाठीच तो आहे, मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट आहे. सिस्टरने प्लंबरचं कोटेशन जोडून चेक लिहून ठेवला होता. सरपंचांची सही नव्हती. त्यांना त्या पैशात उपकेंद्राच्या दारापुढे पेव्हर ब्लॉक हवे होते. ब्लॉकचा धंदा कुणाच्या मेव्हण्याचा, हे गावाला ठाऊक होतं. बदलीच्या अर्जावर मात्र पहिली सही सरपंचांचीच!

मी तो चेक भर सभेत वाचून दाखवला. ठराव बदलला: आधी पाणी आणि कडी, मग मुक्काम, आणि नाही झालं तर दोन्ही गोष्टी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपुढे (टीएचओ). पाइप झाला. टाकीचं काम अनटाइडमध्ये बसणारं नव्हतं, ते जनसुनावणीत मांडलं. महाराष्ट्रात २००७ मध्ये पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनीच नजर ठेवणं, सुरू झाली, जनसुनावणी त्यातलीच. तिथे अधिकाऱ्याला लोकांसमोर उत्तर द्यावं लागतं, "वर कळवतो" म्हणून सुटका होत नाही. पुढे सिस्टर राहायला लागली. रोज नाही, पण बऱ्याच रात्री. भाऊजी अजून म्हणतात की ती अर्जाला घाबरून राहिली. म्हणोत. कडी अर्जाने बसली नाही.

सरकारी माणसांना आवडणारा सहभाग वेगळा असतो. प्रभातफेरी काढा, रांगोळी काढा, श्रमदान करा, भिंतीवर घोषणा रंगवा. १९७८ च्या अल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्यात लोकांनी आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणं हा हक्क आणि कर्तव्य म्हटलंय. आपल्याकडे नियोजन त्यांनी ठेवलं आणि खराटा आपल्याला दिला. आणि "गावातल्या बायांना आरोग्यातलं काय कळतं" असं म्हणणाऱ्यांना (हे वाक्य आमच्याच ओट्यावरचं आहे) जामखेड दाखवा. डॉक्टर आरोळे दांपत्याने १९७० पासून तिथे निरक्षर बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवलं आणि त्या गावांत बाळं दगावण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. भाऊजींना हे सांगितलं की ते म्हणतात, तिथे डॉक्टर चांगले होते. होते ना, कोण नाही म्हणतंय? पण ते डॉक्टर बायांचं ऐकून घेत होते.

तुमच्या प्रश्नाकडे येते. समितीचा स्वतःचा वेगळा निधी असतो, वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत. त्याचं पासबुक आणि कॅशबुक मागा. दरवर्षी फिनेल, टीसीएल पावडर आणि खुर्च्या एवढंच दिसलं तर बैठकीत विचारा की हे ठरवलं कुणी. गावाचा आरोग्य आराखडा समितीने करायचा असतो, तो कागद कुठे आहे तेही विचारा. पीएचसीत रुग्ण कल्याण समिती वेगळी असते, दोघींची गल्लत करू नका, तिथले लोक तुम्हाला मुद्दाम इकडून तिकडे पाठवतील.

हेही सांगायला हवं की खरोखर कामचुकार सिस्टर असतात, सगळ्यांचाच पाइप फुटलेला नसतो. निधी कमी येतो, उशिरा येतो, कधी मार्चअखेरीस येतो आणि लगेच खर्च दाखवा म्हणतात. डॉक्टरची रिकामी जागा समितीच्याने भरत नाही, ते ओझं कुणी तुमच्या गळ्यात घालू देऊ नका. आणि गटबाजीच्या गावात हीच समिती एकमेकांना पाडायला वापरतात. माझ्यानंतर आमच्याकडे तेच झालं.

पण घरी आलेल्या रजिस्टरवर सही करू नका. आणणाऱ्याला सांगा, बैठक लावा, तिथे येऊन करते. चिडतील. आधीच्या बैठकांची पानं तेवढ्यात चाळून घ्या, त्यांवर तुमची सही कुणी आधीच केलेली सापडू शकते.