सोमवारी सही करू नकोस

ताई,
मी डोंबिवलीला राहते, नोकरी मुंबईत, मुलगी नववीत. रोज रात्री जेवताना घरात राजकारण निघतं आणि सासरे मुद्दाम मला डिवचतात. ‘लाडकी बहीण’ म्हणजे फुकट्यांची सोय, बायकांना आरक्षण दिलं तरी कारभार नवरेच करणार, असं काहीबाही. मी गप्प बसत नाही. नवरा मान खाली घालून जेवतो. परवा मुलगी म्हणाली, “आई, तू रोज तेच तेच भांडतेस.” फार लागलं. ऑफिस, घर, लोकल यांत थकून जाते. रजाही उरलेल्या नाहीत, त्यात सोमवारी बार्शीजवळ माहेरी जायचंय. बाबा गेले, त्यांच्या जमिनीतला वाटा दादाला सोडून द्यायचं हक्कसोडपत्र आहे, आईची, माझी आणि धाकट्या बहिणीची सही लागते. जीव मेटाकुटीला आलाय. घरातले वाद थांबवू, की मुलीसाठी चालू ठेवू?
– एक वाचक

अगं,
सासऱ्यांवर एवढं लिहिलंस आणि हक्कसोडपत्राला एक ओळ. तीही रजेच्या हिशोबात.

सासऱ्यांचं आधी उरकते. म्हाताऱ्या माणसाला जेवताना बोलायला कोणीतरी लागतं आणि त्या घरात उत्तर देणारी तू एकटीच आहेस. वाटलं तर बोल, कंटाळा आला तर आमटी वाढ. झालं.

आता सोमवार. संसदेने 2023 मध्ये महिला आरक्षण मंजूर केलं आणि जनगणना, मतदारसंघांची फेररचना यांच्या अटीला बांधून ठेवलं. त्यासाठी तू ताटावर भांडतेस. आणि जो हक्क आज तुझ्या हातात आहे तो सोडायला स्वतःच्या खर्चाने, स्वतःची रजा टाकून निघालीस?

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 सालीच दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. मग वडील त्या तारखेला हयात होते का, यावर कोर्टात पंधरा वर्षं काथ्याकूट. शेवटी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्मानेच मिळतो. आणि जमीन बाबांनी स्वतः घेतलेली असेल, मृत्युपत्र केलेलं नसेल, तर 1956 च्या कायद्यानेच तू, धाकटी आणि आई दादाच्या बरोबरीच्या वारस आहात. यातल्या एकेका ओळीसाठी कुणा ना कुणा बाईने भावाविरुद्ध कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात, गावाचे टोमणे खाल्लेत. तू संध्याकाळी साडी घेऊन परत येशील. सही झाली की बहिणींना साडी देतातच.

दादाबद्दल तू वाईट लिहिलेलं नाहीस. नसेलही तो वाईट. पण हक्कसोड चांगल्या भावांनाच सहज मिळतं. वाईट भावाच्या बाबतीत बहीण निदान कागद तरी वाचते. “त्यानेच जमीन कसली, त्यानेच बाबांचं केलं,” हे तू मनात म्हणते आहेस, मला ऐकू येतंय. कसू दे की. सातबाऱ्यावर तुझं नाव लागल्याने ज्वारी उगवायची थांबत नाही. आणि बाबांचं केलं ते त्याने एकट्याने? आई काय पाहुणी होती?

खरं तर मला राग आलाय तो आईच्या सहीवर. तुला पगार आहे, तुझं कसंही भागेल. तिच्या हातात काय? आयुष्यभर त्या शेतात राबली, आणि तिच्या नावावर पहिल्यांदा काही लागणार ते आत्ता, नवरा गेल्यावर. तेही सोमवारी काढून घेणार. उद्या गुडघ्यांच्या औषधाला पैसे लागले की तिने मुलाच्या तोंडाकडे बघायचं, वहिनी कितीही गोड असली तरी. तुझ्या वाट्याबद्दल माझ्याशी वाद घाल हवा तर. आईच्या सहीसाठी मी एकही कारण ऐकून घेणार नाही. आणि धाकटी तुझ्याकडे बघून सही करणार आहे, हेही लक्षात घे.

नोंदणीकृत हक्कसोड मोडायचं तर फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो. दुय्यम निबंधकांसमोर बसून फोटो आणि अंगठा देऊन आलेल्या बाईला ते फार जड जातं. म्हणून आधीच थांब.

आज रात्री दादाला फोन कर. व्हॉट्सॲपवर लिहू नकोस, फॅमिली ग्रुपवर तर मुळीच नाही. एवढंच सांग: “सोमवारी मी येत नाही. आधी वारसनोंद होऊ दे, आईसकट चौघांची नावं सातबाऱ्यावर लागू देत.” कारणं देत बसू नकोस, प्रत्येक कारणाला त्याच्याकडे उत्तर असेल. नावं लागली की उतारा स्वतः बघ. बहिणींची नावं कब्जेदार म्हणून न लावता ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकलायची खोड जुनी आहे. पुढे कधी तुला मनापासून दादाला द्यावंसं वाटलं तर दे, तेव्हा मी मध्ये येणार नाही.

फोन करताना आवाज कापेल. सासऱ्यांसमोर कापत नाही, कारण तिथे जिंकलीस काय नि हरलीस काय, सकाळी डबा तूच भरतेस.

मुलीचं विचारलंस ना? ती घरात असताना हा फोन कर. दार लावून नको.

आणि दादा म्हणेल, “वकील आपल्या ओळखीचेच आहेत, काळजी करू नकोस.” तुझा वकील तू वेगळा बघ.