लिफ्टमध्ये कुणीतरी ‘आजी’ म्हणालं

‘ताई, मी ५१ वर्षांची आहे. एका कंपनीच्या लेखा विभागात २२ वर्षं नोकरी करते. सहा महिन्यांपूर्वी केस रंगवणं सोडलं. परवा लिफ्टमध्ये कॉलेजच्या वयाच्या एका मुलाने विचारलं, “आजी, कितवा मजला?” मी मजला सांगितला आणि घरी जाऊन रडले. नवरा हसला. लेक म्हणाली, “अगं आई, चांगलंच बोलला की तो, त्यात काय एवढं!” ऑफिसातला नवीन मुलगा मला “काकू” म्हणतो आणि माझ्याच वयाच्या, माझ्याच हुद्द्यावरच्या सहकाऱ्याला “सर”. गेल्या रविवारी मी केस पुन्हा काळे केले आणि आता त्याचीही लाज वाटतेय. घरी तर मला नावाने हाक मारणारं कुणीच उरलेलं नाही, पण त्याचं मला काही वाटत नाही. मी फार हळवी झालेय का?
– नाव नको’

नमस्कार.

पत्राखाली नाव नव्हतं, त्यामुळे उत्तराच्या पहिल्याच ओळीवर मी बराच वेळ अडले. ‘प्रिय भगिनी’ लिहिलं आणि खोडलं. शेवटी नुसता नमस्कार ठेवला. तुम्ही मात्र मला ‘ताई’ लिहिलंत. मी ६४ वर्षांची आहे हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे, तुम्हालाही असेल. काकू चाललं असतं, मावशी चाललं असतं. तुम्ही ‘ताई’ निवडलंत आणि ते वाचून मला बरं वाटलं, अगदी खरंच. तेव्हा हळवेपणाचा प्रश्न आपण दोघी मिळून बाजूला ठेवू.

मला पहिल्यांदा ‘काकू’ ऐकू आलं तेव्हा मी चाळिशीत होते. बस भरलेली होती. एक मुलगा उठला आणि म्हणाला, “काकू, बसा ना.” मी बसले नाही. मला पुढेच उतरायचंय असं खोटं सांगितलं आणि आणखी पाच स्टॉप दांडा धरून उभी राहिले, पाय दुखत असताना. ती रिकामी जागा दुसऱ्याच कुणीतरी घेतली. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. आपलं काय चुकलं हे त्याला कळत नव्हतं. आरशात आपण रोज दिसतो, म्हणून वय हळूहळू वाढतं. परक्याच्या तोंडून ते एका दमात वाढतं. तुम्ही तर ताईवरून थेट आजीवर गेलात, मधली काकू निदान लिफ्टमध्ये तरी तुमच्या वाट्याला आली नाही. रडू येणारच.

हे एकट्या तुमचं किंवा माझं दुखणं नाही. पुरुषाच्या नावामागे ‘श्री.’ लागतं ते जन्मभर तसंच राहतं. बाईच्या नावामागे कु. की सौ. की श्रीमती, हे तिच्या आयुष्यात काय घडलं यावर ठरतं. इतर भाषांतही हेच. जर्मन सरकारने १९७२ साली कार्यालयीन कामकाजातून ‘फ्रॉयलाइन’ हा शब्द काढून टाकला, कारण सज्ञान बाईला अविवाहित असल्याचं लेबल कशाला? फ्रान्सने ‘मादमोआझेल’ हा तसाच शब्द सरकारी अर्जांतून काढायला २०१२ साल उजाडलं. तिथेही पुरुषाला आधीपासून एकच शब्द होता, ‘मॉसिय’. विशीतल्यालाही तोच, ऐंशीतल्यालाही तोच. कोरियन भाषेत मध्यमवयीन बाईला ‘अजुम्मा’ म्हणतात आणि ते ऐकायला तिथल्या कितीतरी बायकांना आवडत नाही. म्हणून काही जण परक्या बाईलाही ‘इमो’ म्हणतात. इमो म्हणजे मावशी.

आणि आपला ‘बाई’ शब्द घ्या. सावित्रीबाई, आनंदीबाई, पंडिता रमाबाई. नावाला बाई जोडली की मान दिला, असा तो काळ. शाळेत शिकवणाऱ्या अजूनही ‘बाई’च असतात आणि त्यात माया असते. पण रस्त्यात कुणी “ओ बाई!” म्हटलं तर भांडणाची तयारी ठेवावी लागते, आणि घरात ‘बाई आली नाही आज’ म्हटलं की कुणाबद्दल बोलणं चाललंय हे सांगावं लागत नाही. बायकांसाठीचे मानाचे शब्द असे झिजतात. मग नवा शब्द येतो, थोडे दिवस चकाकतो, तोही झिजतो. मला वाटतं ‘मॅडम’ आता त्याच वाटेवर आहे.

आता त्या लिफ्टमधल्या मुलाकडे वळते. त्याला मी माफ केलं असतं. अनोळखी बाईला हाक मारायची तर मराठीत त्याच्या हाताशी काय आहे? ताई, काकू, मावशी, आजी. यातला कुठलाही शब्द घ्यायचा तर आधी वयाचा अंदाज करावा लागतो, तोही एका नजरेत. त्याने पांढरे केस पाहिले आणि अंदाज केला. तो चुकला. पण त्याने तुमच्याकडे पाहिलं, मजला विचारला आणि बहुधा बटणही दाबलं. हल्ली लिफ्टमध्ये कोण कुणाकडे पाहतं? पुन्हा भेटला आणि आजी म्हणाला, तर सरळ सांगा, “आजी नको रे, काकू म्हण.” तो लाजेल, सॉरी म्हणेल आणि दुसऱ्या दिवसापासून काकू म्हणेल. तेवढ्यावर ते संपेल.

ऑफिसचं प्रकरण वेगळं आहे. ते सोडू नका.

तुम्ही लिहिलेलं मी दोनदा वाचलं: वय तेच, हुद्दा तोच, एकजण सर आणि एकजण काकू. इथे अंदाज चुकलेला नाही. इथे तुमच्या खुर्चीशी जोडलेलं नातं बदललंय. ‘सर’ला मत विचारतात. काकूंना विचारतात, सेफ्टी पिन आहे का, डोकेदुखीची गोळी आहे का, निरोप समारंभाची वर्गणी तुम्हीच गोळा कराल ना? मी स्वतः नोकरीत हे पाहिलंय. काकू म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ताळेबंदावर सही माझी होती आणि बैठकीत प्रश्न मात्र शेजारच्या सरांना जायचे.

२००९ साली अमेरिकेत बार्बरा बॉक्सर या सिनेटर एका सुनावणीत प्रश्न विचारत होत्या. समोरचे लष्करी अधिकारी त्यांना ‘मॅम’ म्हणत होते. लष्करी शिस्तीत तो आदराचाच शब्द. बॉक्सर यांनी त्यांना थांबवून सांगितलं की मला ‘सिनेटर’ म्हणाल का, त्या पदासाठी मी फार कष्ट केलेत. त्यावरून त्यांच्यावर टीका झाली, थट्टाही झाली. पण मला त्यांचं म्हणणं पटतं. शब्द आदराचा आहे एवढ्याने भागत नाही. तो कशाला आदर देतोय, वयाला की कामाला, हेही पाहावं लागतं.

ऑफिसातल्या त्या मुलाशी एकटं बोला, चारचौघांत नको. त्याच्या हातून काही चूक झाली असेल त्या दिवशी तर मुळीच नको, नाहीतर राग त्या चुकीबद्दल होता असं त्याला वाटेल. एखाद्या साध्या दिवशी म्हणा, “ऑफिसात मला काकू म्हणू नकोस. त्यांना सर म्हणतोस ना, तसं मला मॅडम म्हण, किंवा नावाने हाक मार.” तो म्हणेल, “अहो, मी तर मानाने म्हणतो.” त्यावर एवढंच सांगा, “मान देतोस हे कळतं, म्हणून तर तुलाच सांगतेय.” माझं वय काही तेवढं नाही, असं मात्र चुकूनही म्हणू नका. मुद्दा वयाचा नाहीच, आणि एकदा तो वयावर गेला की बाकीचे हसून मोकळे होतात. दोन दिवस अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या.

केसांबद्दल: पांढरे ठेवलेत तर छान, काळे केलेत तर छान. लाज कसली? पण हा निर्णय रडण्याच्या आठवड्यात घेतलेला आहे, तो पक्का धरू नका. मुळं पुन्हा दिसू लागतील तेव्हा शांतपणे ठरवा.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य. ते तुम्ही शेवटाकडे घाईत लिहिलंत आणि वर ‘त्याचं मला काही वाटत नाही’ असंही जोडलंत. घरी तुम्हाला नावाने हाक मारणारं कुणी नाही. मुलीची तुम्ही आई. नवरा ‘अगं’ म्हणत असेल, किंवा मुलीशी बोलताना ‘आईला विचार’. नात्यात वहिनी, मामी, काकू. यातला एकही शब्द वाईट नाही. पण दिवसभरात तुमचं नाव कुणाच्याच तोंडी येत नाही, आणि असं किती वर्षं चाललंय? मला वाटतं, लिफ्टमधल्या ‘आजी’ने तुम्हाला एवढं रडवलं ते यामुळे. तो शब्द भरल्या भांड्यावर पडलेला शेवटचा थेंब होता.

नवऱ्याने हसायला नको होतं. हे त्यांना सांगा, भांडण म्हणून नव्हे, जेवणं झाल्यावर शांतपणे. “तू हसलास ते मला लागलं.” आणि त्यांच्याकडे एक गोष्ट मागा: दिवसातून एकदा तरी मला नावाने हाक मार. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ते तुम्हाला कशी हाक मारायचे? ती हाक त्यांच्या लक्षात असणार. मागायला संकोच वाटेल, त्यांनाही पहिल्यांदा म्हणताना वाटेल. तरी मागा.

शिवाय शाळेतली अशी एखादी मैत्रीण असेलच जी तुम्हाला ‘तू’ म्हणते, जिला तुमच्या नावाचं आखूड, बिघडवलेलं रूप माहीत आहे. तिला आज फोन करा, मेसेज नको. तुमचं ते नाव आवाजात ऐका. माझी आई शेवटच्या आजारपणात रुग्णालयात होती. सगळा वॉर्ड तिला ‘आजी’ म्हणायचा, लहान मुलीशी बोलावं तशा सुरात, आणि ती उत्तरच द्यायची नाही. कानाने कमी ऐकू येतं, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. एके दिवशी तिची बालमैत्रीण काठी टेकत आली आणि दारातूनच तिला माहेरच्या नावाने ओरडली. आईने डोळे उघडले, उशीवरून मान वळवली आणि म्हणाली, “किती उशीर केलास!”

पुढचं पत्र लिहाल तेव्हा खाली नाव लिहा. छापणार नाही. मला फक्त उत्तराच्या पहिल्या ओळीत ते लिहायचंय.

– तुमची ताई