भिंतीबाहेरची मंडळी

प्रश्न : बाई, माझ्या नवऱ्याला आदिस अबाबात दोन वर्षांची नोकरी मिळाली आहे. पुढच्या महिन्यात मीही जाणार. आम्ही चर्चला जाणारी माणसं. इथियोपिया ख्रिस्ती देश आहे म्हणे, मग तिथं आपल्यासारखंच वाटेल ना? आणि अनोळखी लोकांत किती मिसळावं? तुम्ही तिथं शिकवत होतात म्हणून विचारते. ता. क. सासूबाई विचारतात, तिथं खायचं काय?
– एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : नाही, आपल्यासारखं वाटणार नाही. मीही तुझ्यासारखीच समजूत बांधून गेले होते.

2007च्या सप्टेंबरात मी बाहिरदारच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायला उतरले. टाना सरोवराच्या काठचं गाव. रस्त्यावर पुण्याच्या कंपनीच्या निळ्या रिक्षा, आणि रिक्षेचं नावच ‘बजाज’. मी गेले त्याच आठवड्यात तिथं सन 2000 उजाडलं, कारण त्यांचं पंचांग आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. महिने तेरा. घड्याळ तर सूर्याबरोबर चालतं : आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. एका कचेरीत मला ‘तीन वाजता या’ सांगितलं. मी दुपारी तीनला कागद सावरत पोचले. त्यांचे तीन सकाळी नऊलाच होऊन गेले होते. दारावरचा पहारेकरी पोट धरून हसला, मग स्वतःचं स्टूल दिलं आणि खिशातले भाजलेले जवाचे दाणे माझ्या ओंजळीत ओतले. त्याला ते ‘कोलो’ म्हणतात. वेळ मागून घेताना ‘सकाळचे की दुपारचे’ हे विचारायची सवय लाव.

आता चर्चचं. ‘ख्रिस्ती देश’ हे अर्धंच खरं. मी होते त्या 2007च्या जनगणनेत ऑर्थोडॉक्स, म्हणजे तिथल्या प्राचीन चर्चचे, साधारण 44 टक्के, मुसलमान 34, आणि आपल्यासारखे प्रोटेस्टंट 19च्या आसपास. आपल्याला ते सरसकट ‘पेन्टे’ म्हणतात; शब्दात पूर्वी टोमणा होता, आता बोथट झालाय. आदिसमध्ये पेन्टे मंडळ्या भरपूर आहेत, तुमची रविवारची सोय होईल. पण एकदा तरी ऑर्थोडॉक्स उपासनेला जा.

मी गेले ती नगरच्या तोऱ्यात. आमच्या घरात ख्रिस्ती धर्माची चौथी पिढी, त्याचा केवढा अभिमान! इथियोपियात राजा एझानाने हा धर्म स्वीकारला तेव्हा चौथं शतक चालू होतं. पहाटे उठून, चपला बाहेर काढून, डोक्यावर पदर घेऊन आत शिरणार, तर सोबतच्या विद्यार्थिनीने हळूच सांगितलं, प्रभुभोजन तुम्हाला मिळणार नाही. जिव्हारी लागलं. मी फणकाऱ्यानं बाहेर आवाराच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. बघते तर अर्धी मंडळी तिथंच! पांढऱ्या ‘नेटेला’, म्हणजे पातळ सुती ओढण्या, पांघरलेल्या बाया, म्हातारे, एक पोलीस. कुणी फाटकाला कपाळ टेकवतंय, कुणी भिंतीचं चुंबन घेतंय. कुणी सकाळी खाऊन आलेलं, कुणाचं भावाशी वैर मिटलेलं नाही, कुणी बाई पाळीची. (हे शेवटचं ऐकून मला आमची आजी आठवली, ख्रिस्ती होऊनही ती चार दिवस बाजूलाच बसायची. माझं मत मी तेव्हाही दाबून ठेवलं नव्हतं.) कुणी कुणाला विचारत नव्हतं की तू का बाहेर. पुढची दोन वर्षं माझी जागा त्याच भिंतीशी, एका लिंबूवालीच्या शेजारी. ती मला हाताने मागे सरकवून सावलीत घ्यायची.

अनोळखी माणसांबद्दल. जेवणाऱ्या माणसासमोरून गेलीस तर तो ‘इनिब्ला’ म्हणेल, म्हणजे ‘चला जेवू’. आपलं ‘या जेवायला’च, पण ते खरोखर सरकून जागा करतात. मग ‘गुर्शा’ : इंजेराचा, म्हणजे तिथल्या आंबट धिरड्याचा, तुकडा मोडून, रश्शात बुडवून, त्याचा घास थेट तुझ्या तोंडात. नवखीला संकोच वाटतो. तोंड उघड.

आणि एक सांगते, हे सहसा लिहीत नाही. 2008च्या पावसाळ्यात भावाचा रात्री फोन आला, बाबा गेले. माती दुसऱ्या दिवशी सकाळी. बाहिरदारहून आदिस पाचशे किलोमीटरच्या वर, पुढे मुंबई, पुढे नगर. पोचणं शक्यच नव्हतं. घरमालकिणीला रडणं ऐकू गेलं असावं. पहाटे तिच्या ‘इदिर’ची माणसं अंगणात ताडपत्री बांधत होती. इदिर म्हणजे मरणाची भिशी म्हण : मोहल्ल्यातली घरं दरमहा थोडे बिर (तिथलं चलन) भरतात, त्यातून तंबू, बाकं, मोठी पातेली घेऊन ठेवतात, कुणाकडे मयत झालं की ते सगळं त्या दारात येतं. मी त्यात एक पैसा भरलेला नव्हता. तरी तीन दिवस बाकं भरलेली. बाया येत, गालाला गाल लावत, ‘आयझोश’ म्हणत, म्हणजे धीर धर बाई, आणि बसून राहत. कॉफी फिरायची. न पाहिलेल्या माणसासाठी त्या मोठ्यानं रडल्या. एकीने विचारलं, ते काय करायचे? मी म्हटलं, शाळेत घंटा वाजवायचे. तिनं ते सगळ्यांना सांगितलं आणि पुन्हा रडू लागली.

तिसऱ्या दिवशी त्यांचे पाळक आले, ‘केस’ म्हणतात. हातातला लाकडी क्रूस चुंबनासाठी पुढे केला. रस्त्यात त्यांनी तो कितीदा पुढे केला होता आणि मी, पेन्टे बाई, नमस्कार करून निसटले होते. त्या दिवशी निसटले नाही.

तेव्हा मिसळ. पण माझे दिवस 2007 ते 2009चे आहेत. 2020 ते 2022 तिग्राईत युद्ध झालं आणि अम्हारा भागात, म्हणजे माझ्या बाहिरदारच्या प्रदेशातच, 2023पासून लढाई पेटली. आदिसबाहेर पडण्याआधी आपल्या दूतावासाच्या सूचना वाच, अंधार पडल्यावर एकटी फिरू नकोस, गर्दीत पिशवी पुढे धर.

सासूबाईंना सांग, बुधवार-शुक्रवार ऑर्थोडॉक्स मंडळींचा उपास, आणि ईस्टरआधी सलग 55 दिवस. उपास म्हणजे मांस, अंडी, दूध, काही नाही. त्या दिवसांत ‘बेयाइनेतू’ मागायचं : मोठ्या इंजेरावर मसूर, कोबी, पालेभाजी, बीट यांचे ढीग. इंजेरा टेफ नावाच्या बारीक धान्याच्या पिठाचा, आंबोळीचा आंबट थोरला भाऊ. ख्रिस्ती देश म्हणून डुकराचं मटण शोधू नका, ऑर्थोडॉक्सही ते खात नाहीत. खाटीकही ख्रिस्ती वेगळा, मुसलमान वेगळा. पाहुण्यांना बोलावलंस तर मटण कुठून आणलं ते आधी सांग.

सामानात गोडा मसाला घे. तिखट नेऊ नकोस, त्यांचं बेर्बेरे आपल्या तिखटाला पुरून उरतं. पांढरी सुती ओढणी घे, आणि पटकन काढता येतील अशा चपला.