मागास शहरी वस्त्यांचे पुनरुज्जीवन करताना त्यांची स्थानिक ओळख खरोखर टिकवता येते का?

आपण विचारले आहे की दुर्लक्षित वस्त्या सुधारताना त्यांची ओळख जपणे प्रत्यक्षात शक्य असते, की ते केवळ आराखड्याच्या प्रस्तावनेत लिहायचे वाक्य असते. मी पणजीच्या माळा भागात वाढले आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात जुन्या घरांची मोजमापे घेऊन नकाशे काढण्याचे काम केले. त्या अनुभवावरून सांगते की ते शक्य आहे, मात्र कामांचा क्रम चुकला की हातचे जाते. आधी राहणाऱ्याच्या हक्काचा कागद, मग गटार आणि पाणी, मग पोटापाण्याच्या धंद्याची जागा आणि सर्वांत शेवटी रंग, दिवे व फरशी, असा तो क्रम असावा. आपल्याकडे बहुधा रंगापासून सुरुवात होते, कारण रंगाचे छायाचित्र निघते आणि गटाराचे निघत नाही.

आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी फोंताइन्हास आणि माळा हे भाग एकमेकांना लागून आहेत. 1843 मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली, तेव्हा या बाजूला वस्ती होतीच. आज फोंताइन्हासच्या निळ्या-पिवळ्या भिंतींसमोर छायाचित्रे काढण्यासाठी इतकी गर्दी होते की काही घरमालकांनी दारावर ‘छायाचित्रे काढू नयेत’ असे फलक लावले आहेत. तिथून पाच-दहा मिनिटे चालत माळा भागात यावे, तर जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की सखल भागातील घरांत पाणी शिरण्याची भीती अजून गेलेली नाही. पहिल्या ठिकाणी भिंती राहिल्या आणि बरीच कुटुंबे गेली. दुसऱ्या ठिकाणी कुटुंबे आहेत, परंतु घरे थकली आहेत. आपला प्रश्न मला या दोन गल्ल्यांच्या मधोमध उभा असलेला दिसतो.

घरे थकतात ती केवळ गरिबीमुळे नव्हे. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या वारसा-व्यवस्थेत मुलगे व मुली सर्वांचा हिस्सा असतो. ही गोष्ट न्याय्यच आहे. परंतु तीन पिढ्या वाटणी झाली नाही की एका घराचे वीस-पंचवीस मालक होतात, त्यांतील काही मुंबईत, काही लिस्बनमध्ये, आणि छपराची कौले बदलायची म्हटली तरी संमतीसाठी वर्ष जाते. दुसरीकडे 1968 च्या भाडे नियंत्रण कायद्याखालील जुन्या भाडेकरूंचे भाडे इतके कमी असते की मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि भाडेकरूला, घर आपले नसल्यामुळे, खर्च करण्याचे धैर्य होत नाही. मुंडकाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला, 1975 च्या कायद्याने संरक्षण मिळाले आणि राहते घर विकत घेण्याचा हक्कही मिळाला, परंतु हक्क असणे आणि त्याचा कागद हाती असणे यांत अनेक कुटुंबांची अर्धी हयात गेली आहे. अशा वस्तीत सुशोभीकरण आधी आले, तर पहिला परिणाम जागेची किंमत वाढण्यात होतो, आणि ज्याचा कागद कच्चा तो सर्वांत आधी बाहेर पडतो. जून 2004 मध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, वास्कोच्या बायणा येथील वस्ती पाडली गेली, तो प्रसंग ज्यांनी पाहिला त्यांना ‘स्वच्छ केली’ आणि ‘सुधारली’ या शब्दांतील फरक समजावून सांगावा लागत नाही.

कागदाचे महत्त्व अहमदाबादने चांगले दाखवले आहे. तिथे 1990 च्या दशकात ‘परिवर्तन’ नावाने झोपडपट्ट्यांत नळ, शौचालये, गटारे आणि पक्के रस्ते देण्याची योजना सुरू झाली. प्रत्येक कुटुंबाने त्यासाठी सुमारे 2,000 रुपये भरायचे होते, आणि त्या बदल्यात महापालिकेने दहा वर्षे हटवणार नाही अशी हमी दिली. ही मालकी नव्हती, केवळ दहा वर्षांचा शब्द होता. परंतु उद्या घर राहणार आहे हे कळल्यावर माणूस स्वतःच भिंत पक्की करतो. त्याला ओळख जपण्याचे व्याख्यान द्यावे लागत नाही.

उलट अनुभव लिस्बनचा आहे, आणि गोवेकराने तो लक्ष देऊन वाचावा असे मला वाटते. तेथील मोरारिया हा जुना, गरीब आणि काहीसा बदनाम भाग. 2011 मध्ये महापौर आंतोनियो कॉस्ता यांनी (त्यांचे पितृघराणे मूळचे मडगावचे) आपले कार्यालयच तेथील इंतेंदेंते चौकात हलवले. त्याच वर्षी नगरपालिकेने 67 वस्त्यांना प्राधान्य देऊन, स्थानिक संस्थांनी मांडलेल्या लहान प्रकल्पांना प्रत्येकी कमाल 50,000 युरोपर्यंत साहाय्य देणारी योजना चालू केली. ही योजना मला आजही अनुकरणीय वाटते, कारण तिच्यात काय हवे ते वस्तीने सांगायचे होते. परंतु 2012 मध्ये देशाचा भाडे कायदा सैल झाला, पर्यटकांना खोल्या देण्याचा व्यवसाय फोफावला, आणि 2018 मध्ये मोरारिया, आल्फामा व आसपासच्या भागांत अशा खोल्यांची नवी नोंदणीच थांबवण्याची पाळी आली. हेतू चांगला होता आणि कामही चांगले झाले होते, पण भाडेकरूचे कवच त्याच सुमारास काढून घेतले गेले. आपल्याकडे अतिथिगृहांची नोंदणी 1982 च्या पर्यटन व्यापार नोंदणी कायद्याखाली होतेच. एका गल्लीत किती घरे पाहुण्यांसाठी आणि किती राहणाऱ्यांसाठी असावीत, हा विचार त्या नोंदणीच्या वेळीच व्हावयास हवा.

आता थोडे माझ्या कामाविषयी. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटू लागतात. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो, परंतु चुना मुरवून लावणारा गवंडी आता शोधावा लागतो. दर्शनी भिंत चकचकीत करण्याच्या घाईत नेमका हाच गवंडी विसरला जातो. दुरुस्तीच्या पैशांतील ठरावीक वाटा वस्तीतल्याच तरुणांना हे काम शिकवण्यासाठी राखला, तर घर टिकते आणि घरात मिळकतही येते. माझ्या दृष्टीने वारसा-संवर्धनाचा सर्वांत उपयोगी खर्च हाच आहे, जरी त्याच्या उद्घाटनाला कोणी येत नसले तरी.

नकाशाचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यात माझा स्वतःचा दोष आहे. एका वस्तीच्या आराखड्यात देवळासमोरचा मोकळा तुकडा मी ‘विनावापर जागा’ असा दाखवला. मोजणीच्या दिवशी तो रिकामाच होता. कार्यालयाने तिथे वाहनतळ सुचवला, आणि तो मंजूरही झाला. पुढच्या जत्रेला खाजेवाल्यांनी मांडव घालायचा तरी कुठे, असे एका वृद्ध बाईंनी मला विचारले, तेव्हा कळले की वर्षातून पाच दिवस त्याच तुकड्यावर सारी वस्ती एकत्र येते, आणि उरलेले दिवस तिथे कोणी पापड वाळवतात, कोणी जाळे विणतात. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकल तिथेच टेकवतो. यांपैकी एकही गोष्ट नकाशावर दिसत नव्हती, कारण मी मोजपट्टी घेऊन गेले होते आणि कोणाला काही विचारले नव्हते. नंतर जत्रेचे दिवस वाहने हलवण्याची सोय झाली. बाकीच्या दिवसांचे वाळवण मात्र गेले ते गेलेच.

त्यामुळे आपण जर अशा एखाद्या प्रकल्पावर काम करणार असाल, तर पहिल्या रेषेपूर्वी तीन याद्या करून घ्या. कोण किती वर्षांपासून आणि कोणत्या हक्काने राहते. कोण कोणता धंदा कोणत्या जागेत, कोणत्या भाड्याने करतो. आणि कोणती मोकळी जागा वर्षात केव्हा व कशासाठी वापरली जाते. तिसरी यादी करण्यासाठी एक पूर्ण वर्ष लागते, कारण शिगमा, जत्रा, चर्चचे फेस्त आणि पावसाळा एकाच महिन्यात येत नाहीत. अनुदानाच्या वेळापत्रकात हे वर्ष कधीच बसत नाही, असे आपल्याला सांगितले जाईल. तेव्हा निदान पावसाळ्याचे चार महिने तरी मागून घ्या, आणि भरतीच्या वेळी छत्री घेऊन गल्लीतून फिरा.