फोन-टॅब रूट करताना अडलेल्यांचे प्रश्न

गेल्या अंकात रूटिंग (फोनच्या सिस्टिममध्ये हवा तो बदल करण्याचे पूर्ण अधिकार मिळवणं) म्हणजे काय, बूटलोडर (फोन चालू करताना सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) का उघडावा लागतो हे थोडक्यात लिहिलं होतं, त्यावर आलेली पत्रं वाचून एक गोष्ट कळली की रूट होत नाही म्हणून अडलेले लोक कमी आहेत, चुकीची फाईल टाकून बसलेले आणि ओरिजिनल फाईल जपून न ठेवलेले जास्त. तेव्हा पुढची उत्तरं वाचायच्या आधी एवढं करा, आपल्या फोनचा बिल्ड नंबर (त्यातल्या सॉफ्टवेअरचा नेमका क्रमांक) सेटिंग्जमधून बघून कागदावर लिहून ठेवा. तो अर्धवट नको, शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण लिहा.

प्रश्न : रेडमीचा फोन आहे, बूटलोडर अनलॉक करायचाय. फोन चालू असताना लॅपटॉपवर 'एडीबी डिव्हाइसेस' ही आज्ञा (एडीबी म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा द्यायचं टूल) टाकली की नंबर दिसतो पण फास्टबूटमध्ये (सिस्टिम सुरू न करता फाईल टाकायचा मोड) नेला की 'वेटिंग फॉर एनी डिव्हाइस' एवढंच येऊन थांबतं. केबल तीन बदलल्या सर. (बीसीए दुसरं वर्ष, नांदेड)

केबल बदलत बसू नकोस, एडीबीत नंबर दिसतोय म्हणजे केबल चांगलीच आहे. काय होतं की विंडोजला चालू असलेला फोन आणि फास्टबूटमधला फोन ही दोन वेगवेगळी उपकरणं वाटतात आणि दोघांचे ड्रायव्हर वेगळे लागतात. फोन फास्टबूटमध्ये ठेवून डिव्हाइस मॅनेजर उघड, तिथे 'अँड्रॉईड' नावापुढे पिवळा त्रिकोण दिसेल, त्यावर राइट क्लिक करून ड्रायव्हर स्वतः निवडायचा ऑप्शन घे आणि गूगलचा यूएसबी ड्रायव्हर दाखवून 'अँड्रॉईड बूटलोडर इंटरफेस' निवड. कधी कधी हाच ड्रायव्हर विंडोज अपडेटच्या ऑप्शनल अपडेट्समध्ये आयता पडलेला असतो, तेही बघ.

एवढं करूनही नाही झालं, आणि केबल लावल्या लावल्या फोनची स्क्रीन काळी होऊन वर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रेस एनी की टू शटडाऊन' येत असेल, तर दोष यूएसबी ३ पोर्टचा आहे. शाओमीच्या बऱ्याच फोनांना हे होतं, रायझन प्रोसेसरच्या लॅपटॉपवर जरा जास्तच. जुना यूएसबी २ पोर्ट असेल तर तो वापर, नाहीतर मध्ये साधा यूएसबी २ चा हब लाव, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.

आणि पुढचं आत्ताच सांगून ठेवतो. शाओमीचं अनलॉक टूल पहिल्यांदा १६८ तास, म्हणजे सात दिवस थांबायला सांगू शकतं, तेवढ्यात फोनमधून शाओमीचं 'मी अकाउंट' लॉगआउट करू नकोस. फोनवर हायपरओएस (शाओमीची नवी सिस्टिम) असेल तर आधी त्यांच्या कम्युनिटी ॲपमधून परवानगी मागावी लागते आणि रोजचा कोटा बीजिंगच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊला उघडतो आणि पटकन संपतो, त्यामुळे चार-सहा दिवस प्रयत्न करायची तयारी ठेव. अनलॉक झालं की फोनमधलं सगळं पुसलं जातं. फोटो आधी काढून घे.

प्रश्न : मॅजिस्कने (रूट करायचं ॲप) बूट फाईल (फोन सुरू करणारी फाईल) पॅच केली म्हणजे रूटसाठी बदलली, फ्लॅश केली म्हणजे फोनमध्ये टाकली, 'ओके' आलं. आता फोन कंपनीच्या लोगोवर येऊन परत परत रिस्टार्ट होतोय. फाईल एका टेलिग्राम ग्रुपवरून घेतली होती, मॉडेल तेच होतं. दुकानदार मदरबोर्ड गेला म्हणतो, खरं का? (पिंपरी)

मदरबोर्ड गेलेला नाही. लोगो येतोय, फास्टबूट उघडतंय, म्हणजे फोन धडधाकट आहे, फक्त त्याला चुकीची फाईल दिली गेलीय. मॉडेल तेच असून भागत नाही, बिल्ड नंबर तोच लागतो. तुमचा फोन समजा मार्चच्या अपडेटवर आहे आणि ग्रुपवरची फाईल जानेवारीची आहे तर कर्नल (सिस्टिमचा गाभा) एका अपडेटचं आणि बाकीची सिस्टिम दुसऱ्या अपडेटची अशी गत होते, दोघांचं जमत नाही आणि फोन गोल गोल फिरत राहतो.

आता उपाय. कंपनीच्या फर्मवेअरमधून, तुमच्या नेमक्या बिल्डची पूर्ण रॉम (फोनचं सगळं सॉफ्टवेअर) डाउनलोड करा. आत बूट इमेज, म्हणजे तीच बूट फाईल, सुटी मिळाली तर ठीक, नाहीतर 'पेलोड' नावाची मोठी बिन फाईल असेल, ती पेलोड डंपर नावाच्या टूलने उघडली की इमेज बाहेर येतात. ती ओरिजिनल, पॅच न केलेली इमेज फास्टबूटने फ्लॅश करा आणि रिबूट द्या. बहुतेक वेळा फोन डेटासकट परत उठतो, फॅक्टरी रिसेट करायची घाई करू नका, दुकानदार सगळ्यात आधी तेच करतो आणि तुमचे फोटो जातात.

इथे दोन ठिकाणी लोक घसरतात. एक, हल्लीच्या फोनांना ए आणि बी असे दोन स्लॉट (सिस्टिमच्या दोन प्रतींच्या जागा) असतात, गूगलच्या २०१६ च्या पहिल्या पिक्सेलपासून ही पद्धत आली. 'फास्टबूट गेटव्हार करंट-स्लॉट' टाकून चालू स्लॉट कोणता ते आधी बघा, नाहीतर चांगली फाईल बंद स्लॉटमध्ये जाऊन बसते आणि आपण म्हणतो उपाय चालला नाही. दुसरं म्हणजे कोणती फाईल पॅच करायची, बूट की इनिट-बूट. जो फोन दुकानातून येतानाच अँड्रॉईड १३ किंवा पुढचं घेऊन आला त्यात मॅजिस्कला इनिट-बूट इमेज पॅच करावी लागते, पिक्सेल ७ पासून हे दिसतं. पण जो फोन १२ वर आला आणि नंतर अपडेट होऊन १४ ला पोचला त्याची जागा बूटमध्येच राहते, पिक्सेल ६ तसाच आहे. सेटिंग्जमध्ये आज कोणतं अँड्रॉईड दिसतं यावरून ठरवू नका, फोन जन्माला कोणतं घेऊन आला ते बघा. सोपी खूण म्हणजे रॉममध्ये इनिट-बूट नावाची फाईल आहे का, असेल तर ती घ्यायची.

आणि परत रूट करायचं असेल तर हीच काढलेली ओरिजिनल इमेज पॅच करा, तिची एक कॉपी पेन ड्राइव्हवर ठेवा. मी स्वतः एका जुन्या टॅबची ओरिजिनल बूट फाईल न ठेवता प्रयोग केला होता आणि त्या कंपनीने तोवर फर्मवेअर साईटवरून काढून टाकलेलं, आठ दिवस तो टॅब कपाटात पडून होता, शेवटी तेच मॉडेल असलेल्या एका मित्राकडून फाईल मिळाली. ते आठ दिवस मला अजून आठवतात, म्हणून प्रत्येकाला एवढं बजावून सांगतो.

प्रश्न : रूट नीट झालं होतं. मग मराठी वाचायला चांगला फॉन्ट हवा म्हणून देवनागरी फॉन्टचं मॉड्यूल (मॅजिस्कमध्ये टाकायची जोड) टाकलं आणि फोन अडकला. सगळं परत करावं लागेल का? (शिक्षिका, कोल्हापूर)

नाही ताई, काहीच परत करावं लागणार नाही. फोन सुरू होताना ॲनिमेशन दिसायला लागलं की व्हॉल्यूम डाउन दाबून धरा, सेफ मोडमध्ये जाईल. मॅजिस्क सेफ मोड ओळखतं आणि सगळी मॉड्यूल्स बंद करून टाकतं, मग नेहमीसारखा रिस्टार्ट केला तरी ती बंदच राहतात, तुम्ही फक्त फॉन्टवालं काढून बाकीची चालू करायची. कॉम्प्युटरला आधीच परवानगी दिलेली असेल तर 'एडीबी वेट-फॉर-डिव्हाइस शेल मॅजिस्क --रिमूव्ह-मॉड्यूल्स' या आज्ञेनेही होतं पण ती सगळी मॉड्यूल्स उडवते.

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं कारण आपल्यातले कितीतरी जण रूटिंगकडे वळले ते मराठीमुळेच. अँड्रॉईड २.३ च्या दिवसांत मराठी मेसेज आला की नुसते चौकोन दिसायचे, मग कुणी ऑपेरा मिनीत ती बिटमॅप फॉन्टची सेटिंग चालू करून निदान पेपर वाचायचं आणि ज्यांना मेसेजही वाचायचे होते ते फोन रूट करून सिस्टिमच्या फॉन्ट फोल्डरमध्ये देवनागरी फॉन्ट टाकायचे. अक्षरं दिसायची पण जोडाक्षरं तुटायची, वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची, कारण अक्षरं जुळवणारं इंजिनच त्या अँड्रॉईडमध्ये नव्हतं. आज नुसतं वाचण्यासाठी रूट लागत नाही, तरी आवडीचा फॉन्ट सगळीकडे हवा ही हौस मला पूर्ण मान्य आहे. फक्त मॉड्यूल घेताना तुमच्या अँड्रॉईड व्हर्जनसाठी आहे का ते बघा, फॉन्टची यादी ठेवणारी सिस्टिम फाईल जुनी बसली की असंच होतं.

प्रश्न : सॅमसंगच्या टॅबमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ओईएम अनलॉक (बूटलोडर उघडू देणारा ऑप्शन) दिसतच नाही. तरी ओडिनने (सॅमसंगमध्ये फाईल टाकायचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम) फाईल टाकून बघितली तर टॅबवर लाल अक्षरात 'ओन्ली ऑफिशियल रिलीज्ड बायनरीज' असं काहीतरी आलं. (नाशिक)

लाल अक्षरं आली ते चांगलंच झालं, टॅबने तुमची फाईल नाकारली, काही बिघडलेलं नाही, रिस्टार्ट केला की चालेल. बूटलोडर बंद असताना ओडिनने पॅच केलेली फाईल जाणारच नाही. ओईएम अनलॉक दिसण्यासाठी टॅब वायफायला जोडून ठेवा, बऱ्याच मॉडेल्सना रिसेटनंतर सात दिवस सलग चालू ठेवावं लागतं, तोवर डाउनलोड मोडमध्ये (सॅमसंगचा फाईल टाकायचा मोड) केजी स्टेट, म्हणजे कुलपाची स्थिती, 'प्रीनॉर्मल' दिसतं. ऑप्शन दिसला की चालू करा, टॅब बंद करा, दोन्ही व्हॉल्यूम बटणं दाबून केबल लावा आणि पुढच्या स्क्रीनवर व्हॉल्यूम अप बराच वेळ दाबा. सगळं पुसलं जाईल. मग लगेच पॅच करत सुटू नका, आधी टॅब सेटअप करून नेटला जोडा आणि तो ऑप्शन अजून चालू आहे ना ते बघा. सॅमसंगला सुटी बूट इमेज न घेता पूर्ण एपी फाईल (फर्मवेअरमधली सिस्टिमची मुख्य फाईल) मॅजिस्कमध्ये पॅच करतात आणि पहिल्या वेळी ओडिनमध्ये होम सीएससी (डेटा राखणारी फाईल) न देता साधी सीएससी (डेटा पुसणारी) देतात.

एक गोष्ट मात्र परत येत नाही. नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज एकदा उडाला की ०x१ दिसायला लागतं आणि ओरिजिनल सॉफ्टवेअर टाकलं तरी तो ० होत नाही, सिक्युअर फोल्डर कायमचा गेला. हे मान्य असेल तरच पुढे जा. आणि कुणी अमेरिकेहून सॅमसंगचा फोन आणून दिला असेल, मॉडेल नंबरच्या शेवटी यू किंवा यू१ असेल, तर त्यात हा ऑप्शन मुळातच नसतो, शोधत बसू नका. २०२५ मध्ये आलेल्या वन यूआय ८ (सॅमसंगची सिस्टिम) पासून तर सॅमसंगने नव्या फोनांवरूनही तो काढून टाकलाय.

प्रश्न : रूट केल्यापासून बँकेचं ॲप आणि यूपीआय उघडत नाही. एकजण टेलिग्रामवर ५०० रुपयांत 'कीबॉक्स' देतो म्हणतोय, घेऊ का? (ठाणे)

अजिबात घेऊ नका. प्रत्येक फोनमध्ये कारखान्यातच एक गुप्त किल्ली बसवलेली असते आणि ती दाखवून फोन सिद्ध करतो की मी बंद बूटलोडरचा खरा फोन आहे. तो माणूस जे विकतोय ती दुसऱ्याच कुठल्या तरी फोनमधून फुटलेली किल्ली आहे. गूगलला कळलं की ती रद्द होते, मग परत ५०० रुपये, आणि अशा माणसाचं मॉड्यूल रूटच्या परवानगीने तुमच्या बँकेच्या ॲपशेजारी बसणार, विचार करा.

मॅजिस्कमध्ये झायगिस्क ही सेटिंग चालू करून बँकेचं ॲप डिनायलिस्टमध्ये (ज्यांच्यापासून रूट दूर ठेवायचं त्या ॲप्सची यादी) टाकून बघा, काही ॲप्सना एवढं पुरतं. पण ज्या ॲप्सना प्ले इंटिग्रिटीचं (फोन खरा आणि न बदललेला आहे का बघणारी गूगलची तपासणी) वरचं सर्टिफिकेट लागतं तिथे हे चालत नाही, आणि मे २०२५ पासून अँड्रॉईड १३ आणि त्यापुढच्या फोनांवर मधलं 'डिव्हाइस' सर्टिफिकेटसुद्धा हार्डवेअरच्या पुराव्याशिवाय मिळत नाही. म्हणजे रूट काढलं आणि बूटलोडर उघडा ठेवला तरी ॲप नाही म्हणू शकतं. माझं स्पष्ट मत असं आहे की ज्या फोनवर पगार येतो, ज्यात बँकेचं सिम आहे तो फोन रूट करायचा नाही. कपाटातला जुना फोन काढा, त्यावर मनसोक्त करा. बँकेचं ॲप परत हवं असेल तर तुम्ही पूर्ण ओरिजिनल रॉम टाका, ती नीट चालू झाली याची खात्री करा आणि त्यानंतरच बूटलोडर लॉक करा, उलट केलंत, म्हणजे बदललेल्या सिस्टिमवर लॉक मारलंत, तर फोन सुरूच होणार नाही.

प्रश्न : रेडमी नोट ५ प्रो वर जुनी मीयूआय (शाओमीची आधीची सिस्टिम) टाकली, आता स्क्रीन पूर्ण काळी, फास्टबूटही नाही. (सोलापूर)

हे अँटी-रोलबॅक, म्हणजे जुनी रॉम परत टाकू न देणारं कुलूप. २०१८ मध्ये या मॉडेलला मीयूआयच्या अपडेटबरोबर हे आलं आणि त्यानंतर जुनी रॉम टाकलेले फोन असेच काळे पडले. कॉम्प्युटरला जोडल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये क्वालकॉम ९००८ (फोनच्या चिपचा आपत्कालीन मोड) दिसतंय का बघा. दिसत असेल तर जीव आहे, पण त्या मोडमधून फ्लॅश करायला शाओमीचं अधिकृत अकाउंट लागतं, म्हणून सर्व्हिस सेंटरला न्या आणि काय केलं ते खरं सांगा, लपवलं तर त्यांचा वेळ जातो आणि तुमचा पैसा. ज्यांचा फोन अजून चालू आहे त्यांनी मागची रॉम टाकण्याआधी 'फास्टबूट गेटव्हार अँटी' टाकून आकडा बघायचा, ४ आला तर त्याच्या खालची रॉम टाकायची नाही.

प्रश्न : 'एका क्लिकमध्ये रूट' असं ॲप मुलाने डाउनलोड केलंय, चालेल का? फोनमध्ये नको ती ॲप्स आहेत ती काढायची आहेत एवढंच. (निवृत्त, वय ६७, रत्नागिरी)

काका, ते ॲप आधी काढून टाका. २०१४ च्या आसपास अशी ॲप्स खरंच चालायची कारण तेव्हाच्या कर्नलमध्ये मोठं भोक होतं, टॉवेलरूट नावाचं ॲप त्यातूनच शिरायचं. ती भोकं कधीच बुजली, आज अशा नावाने जे मिळतं त्यात जाहिराती नाहीतर हेरगिरी, दुसरं काही नाही. आणि तुमच्या कामाला रूट लागतच नाही. मुलाला सांगा, यूएसबी डीबगिंग चालू करून कॉम्प्युटरवरून 'एडीबी शेल पीएम अनइन्स्टॉल --यूजर ०' आणि पुढे त्या ॲपचं पॅकेज नाव, बस. ॲप तुमच्यापुरतं जातं, वॉरंटीला धक्का नाही, बँकेचं ॲप चालू राहतं, आणि चुकून कामाचं काही गेलं तर फॅक्टरी रिसेटने परत येतं. फक्त फोनचं लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं ॲप), कीबोर्ड आणि ज्याच्या नावात 'सिस्टिम यूआय' आहे त्याला हात लावू देऊ नका.

प्रश्न : प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी योजनेतून टॅब मिळालाय, त्यात दुसरी ॲप्स टाकू देत नाही. रूट केलं तर निघेल का? (बारावी सायन्स, परभणी)

करू नकोस. तो टॅब अजून संस्थेच्या नियंत्रणाखाली आहे, त्यातलं कुलूप त्यांचं आहे आणि ते फोडताना टॅब बंद पडला तर ऐन परीक्षेच्या तोंडावर तुझे लेक्चर जातील. तुला कोणतं ॲप हवंय ते त्यांना लेखी कळव, अभ्यासाचं असेल तर ते तिथूनच टाकून देऊ शकतात. परीक्षा झाल्यावर टॅब तुझ्याकडेच राहणार असेल आणि त्यांनी कुलूप काढलं, तर मॉडेल नंबर आणि बिल्ड नंबर लिहून मला पाठव, मग आपण बघू.