वाचकांचे प्रश्न : गच्चीवरचा गरम पाण्याचा टब

प्रश्न : सांगलीत आमचे दुमजली घर आहे. आईच्या गुडघेदुखीसाठी गच्चीवर हॉट टब बसवण्याचा विचार आहे. त्यात बोअरचे पाणी चालेल का आणि देखभाल कशी करावी?

उत्तर : पाण्याच्या आधी वजनाचा विचार करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. टबात 75 सेंटीमीटर पाणी भरले, की प्रत्येक चौरस मीटरवर 750 किलो भार येतो, आणि घराच्या गच्चीसाठी भारतीय मानकात साधारणपणे 150 किलोच भार धरलेला असतो. त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरने स्लॅब तपासून लेखी संमती दिल्याशिवाय विक्रेत्याला आगाऊ रक्कम देऊ नये. अंगणात जागा असल्यास मी तीच निवडेन. मात्र आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती काढून, मुरूम भरून व चोपून त्यावर सळईचे काँक्रीट घालावे.

बोअरचे पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त असेल, तर हीटरवर क्षारांचा थर बसतो. नळाचे पाणी बरे. क्लोरीन 3 पीपीएमपेक्षा (म्हणजे लिटरमागे 3 मिलिग्रॅमपेक्षा) कमी होऊ देऊ नये, सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता) 7.2 ते 7.8 राखावा, दोन्ही चाचणी-पट्टीने वरचेवर तपासावेत आणि दर तीन-चार महिन्यांनी पाणी बदलावे. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) यांत काटकसर नको.

पाणी 40 अंशांपेक्षा गरम नसावे. आईंना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असल्यास टब घेण्याआधीच डॉक्टरांना विचारावे, आणि चढण्या-उतरण्यासाठी भक्कम कठडा लावून घ्यावा.